रस्त्याच्या हिशेबात बाई कुठे आहे?

(नारायण पेठेत झालेल्या बैठकीतील भाषण. बोलण्यातला मोकळेपणा शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजच्या बैठकीचा विषय कळल्यावर दोघीतिघींनी मला विचारले, "स्त्री-चळवळीचा आणि ट्रॅफिकचा काय संबंध? हुंडा, मारहाण, पोटगी, संपत्तीतला वाटा, एवढे प्रश्न पडलेले असताना हेल्मेट आणि सिग्नलवर आपण कशाला बोलायचे? त्याला पोलीस आहेत, आर.टी.ओ. आहे." प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आपल्यापैकी ज्या जुन्या आहेत त्यांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात सुना जळून मरत होत्या आणि कागदावर लिहिले जात होते, 'स्टोव्हचा भडका उडून अपघाती मृत्यू'. चळवळीने पहिला प्रश्न त्या शब्दालाच विचारला. भडका सुनेच्याच अंगावर कसा उडतो? सासूच्या, नवऱ्याच्या अंगावर का उडत नाही? हा प्रश्न देशभर बायका विचारत राहिल्या तेव्हा कायदा हलला. १९८३ साली ४९८ अ हे कलम आले, १९८६ साली हुंडाबळीचे ३०४ ब आले. 'अपघात' या शब्दाआड कुणाची तरी जबाबदारी लपलेली असू शकते, हे आपण तेव्हा शिकलो.

रस्त्यावर कुणी ठरवून मारते असे मी म्हणत नाही. पण एखाद्या चौकात दर वर्षी माणसे मरत असतील, एखाद्या उतारावर दर पावसाळ्यात गाड्या घसरत असतील, तर त्याला दैवाचा घाला कसे म्हणायचे? ते कुणाचे तरी न केलेले काम असते. कुणी फूटपाथ बांधलेला नसतो, कुणी वेग आवरलेला नसतो, कुणी अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली दिलेली असते. शब्द 'अपघात' असला की यांतले कुणीच उत्तर द्यायला बांधील राहत नाही.

आता आकडा ऐका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे मरणाऱ्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश लोक एक तर दुचाकीवर होते, नाही तर पायी. पत्र्याचे कवच ज्यांच्याभोवती नाही अशी माणसे मरतात.

आणखी एक गोष्ट. मरणाऱ्यांत साधारण सातांत सहा पुरुष असतात. मग लगेच कुणी म्हणेल, हा तर पुरुषांचाच प्रश्न झाला. पण पुरुष गेल्यावर मागे कोण उरते? जायबंदी होऊन घरी आला तर त्याचे अंथरुण-पांघरूण, औषधपाणी, फिजिओथेरपीच्या फेऱ्या कोण करते? जागतिक बँक आणि सेव्ह लाइफ फाउंडेशन यांनी २०२१ साली चार राज्यांतल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत महाराष्ट्र होता. अपघातानंतर घरचे उत्पन्न घसरल्याची तीव्र झळ निम्म्या बायकांनी सांगितली. सुमारे ४० टक्के बायकांच्या कामाची पद्धत बदलली. ११ टक्के बायकांनी पैशाची ओढ भागवायला जादा काम धरले. म्हणजे गाडी धडकते एकदा. बाईवर तिचे ओझे वर्षानुवर्षे पडत राहते. सरकारी तक्त्यात मेलेले आणि जखमी असे दोनच रकाने असतात. या बाईसाठी तिसरा रकाना नाही.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. रस्ता आखताना, गाडी बनवताना आणि नुकसान मोजताना बाईला हिशेबात धरलेले नाही. ते कसे, हे तीन ठिकाणी पाहू: पायी चालणारी बाई, दुचाकीवर मागे बसणारी बाई आणि अपघातानंतर घरात उरलेली बाई.

पायी चालणारीपासून सुरुवात करू. आपण आता जिथे बसलो आहोत ती नारायण पेठ घ्या. एका अंगाला लक्ष्मी रस्ता, दुसऱ्या अंगाला केळकर रस्ता, टोकाला अलका टॉकीजचा चौक. हे रस्ते वाड्यांच्या काळचे. वाडे गेले, इमारती आल्या, दर घरामागे एकाच्या तीन गाड्या झाल्या. रस्ता तेवढाच राहिला. मग गाड्यांना जागा कुठून काढली? चालणाऱ्याच्या पायाखालून. फूटपाथ असला तर त्यावर दुकानाचा माल, डीपी, दुचाकी. नसला तर पांढऱ्या रेषेच्या आत गाड्या उभ्या आणि बाहेर तुम्ही.

पायी कोण चालते? नवरा घरातून निघून कामावर जातो आणि परत येतो, त्याची फेरी सरळ असते. बाईची फेरी गाठीगाठींची. मुलाला शाळेत सोडायचे, येताना भाजी घ्यायची, सासऱ्यांचे औषध आणायचे, मग बस धरून कामावर जायचे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मूल. सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे १८ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला १५ सेकंद. गुडघे दुखणारी आजी किंवा चार वर्षांचे मूल हाताशी असलेली आई सेकंदाला ०.८ मीटर चालली तर तिला लागतात साडेबावीस. ते वरचे साडेसात सेकंद ती कुठे असते? गाड्यांच्या मध्ये. तिथे तिला धक्का लागला की लोक म्हणतात, "बाईला रस्ता ओलांडायची अक्कल नाही."

नियम नाहीत असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. गुडघाभर उंच फूटपाथवर म्हातारी चढू शकत नाही, बाबागाडी चढत नाही, म्हणून लोक खालून चालतात. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला आणि त्या दिवशी आपल्या इथल्या गरुड गणपती चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवला. बायका, मुले, म्हातारी माणसे मजेत रस्त्याच्या मधोमध चालली. चांगलेच झाले. पण वर्षातला एक दिवस चालणाऱ्याचा म्हणजे उरलेले ३६४ कुणाचे, हे आपोआप कळले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालण्याजोगा फूटपाथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आपल्या वॉर्ड ऑफिसात अर्ज करताना हे वाक्य वर लिहा. फूटपाथ ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

आता दुचाकीकडे येते. पुण्याच्या बाईचे आणि दुचाकीचे नाते वेगळे आहे. आधी सायकल, मग १९७२ साली आलेली लूना, १९८४ नंतरची कायनेटिक होंडा, मग सनी, स्कूटी. गिअर नाही, किक मारण्याची कसरत नाही. या गाड्यांनी आपल्या कितीतरी जणींना नोकरी दिली, शिक्षण दिले, रात्री मैत्रिणीकडून एकटीने घरी यायची हिंमत दिली. तेव्हा सुरक्षिततेच्या नावाखाली कुणी मुलीची किल्ली काढून घेत असेल, "तू नकोच चालवू, दादा सोडेल" म्हणत असेल, तर आपण त्याला ठाम नाही म्हणायचे. रस्ता धोक्याचा असेल तर रस्ता सुधारायचा, मुलीला घरात बसवायचे नाही.

पण हेल्मेटचे काय? याच पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्ती झाली तेव्हा लोक पगड्या घालून मोर्चे काढत होते. सक्ती नको, आमचे डोके आमचे, वेग तर ताशी वीसचा, मान दुखते, ऐकू येत नाही, ही कारणे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. दंडाचे राजकारण बाजूला ठेवून जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष पाहू. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो. २०२२ साली देशात हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसे मेली. त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती.

मला थांबायचे आहे ते या १४,३३७ वर. मागे कोण बसते? मागे बसणाऱ्या पुष्कळ बायका असतात. घरात हेल्मेट किती? एक. ते कुणाच्या डोक्यावर? चालवणाऱ्याच्या, कारण पोलीस त्याला अडवतो. मागे बायको, तिच्या आणि त्याच्या मध्ये मूल, किंवा पुढे टाकीवर मूल. डोके तिघांचे, हेल्मेट एकाचे. गंमत म्हणजे हा अन्याय दाक्षिण्य म्हणून केला जातो. दिल्लीत २०१४ पर्यंत सगळ्याच बायकांना हेल्मेटमधून सूट होती. त्यानंतर ती शीख स्त्रियांपुरती ठेवली गेली. आणि केस विस्कटतील, वेणी बसणार नाही, गजरा चुरगळेल, ही कारणे तर घरोघरी ऐकू येतात! बाईच्या केसांची एवढी काळजी, आणि केसांखालच्या कवटीची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा स्पष्ट आहे: चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, चालवणारा असो की मागे बसणारा, हेल्मेट हवे. नवीन गाडी घेताना दुसरे हेल्मेट मागून घ्या, आयएसआय शिक्क्याचे, हनुवटीखाली पट्टा नीट बसणारे. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पडताना आधी तेच उडते.

दुसरी गोष्ट साडीची आणि ओढणीची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम फार थोड्यांना माहीत असतो. मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी, म्हणजेच साडी गार्ड, मोटरसायकलला असलीच पाहिजे असे तो सांगतो. कपडा चाकात अडकू नये म्हणून. शोरूममधून गाडी बाहेर पडली की पोरे पहिल्यांदा काय काढतात? तीच जाळी. गाडी 'स्मार्ट' दिसत नाही म्हणून. ओढणी चाकात गेल्यावर ती गळ्याला फास बसल्यासारखी ओढते. तेव्हा मुलाला, नवऱ्याला ठणकावून सांगा की ती जाळी शोभेची नाही, कायद्याची आहे. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. एका बाजूला पाय टाकून बसण्यात तोल दुसऱ्याच्या भरवशावर असतो. आपल्या आयाआज्यांना ती बैठक मर्यादा म्हणून शिकवली गेली. त्या मर्यादेची किंमत कुणी मोजली नाही.

चारचाकीतही तेच. गाडीची धडक-चाचणी वर्षानुवर्षे सरासरी पुरुषाच्या मापाचा पुतळा बसवून होत आली. बाईच्या मापाचे म्हणून वापरले गेले ते बहुतेक पुरुषाच्या पुतळ्याचे लहान रूप. सरासरी स्त्रीच्या शरीराचा, तिची ठेवण लक्षात घेऊन बनवलेला पुतळा स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर या अभियंत्या बाईंच्या गटाने २०२२ साली जगापुढे आणला. एवढ्या प्रगत जगातही आपले शरीर हिशेबात यायला इतकी वर्षे लागली.

आणि मुलांच्या हातातली किल्ली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना, एका मुलीला आणि एका मुलाला, उडवले. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा. त्याला जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांनाही अटक झाली. देशभर संताप झाला, तो योग्यच होता. पण अशा प्रत्येक वेळी एक कुजबुजही कानावर येते: "एवढ्या रात्री ती मुलगी बाहेर कशाला होती?" मैत्रिणींनो, रात्री अडीच वाजता रस्त्यावर असणे हा गुन्हा नाही. रात्री अडीच वाजता दारू पिऊन गाडी हाकणे हा गुन्हा आहे. बलात्काराच्या बाबतीत हा फरक सांगायला आपल्याला चाळीस वर्षे लागली. इथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

श्रीमंतांच्या गाडीवर बोट दाखवणे सोपे आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला क्लासला जायला स्कूटर कोण देते? पुष्कळदा आपणच. कारण त्याला सोडायला-आणायला वेळ आईनेच काढायचा असतो आणि आईकडे तो नसतो. म्हणून आईला दोष देऊन भागणार नाही. बस वेळेवर हवी, शाळा-क्लासला सायकलने जाता येईल असा रस्ता हवा. तरीही कायदा माहीत असू द्या. २०१९ नंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आता तिसरा भाग, सगळ्यांत कमी बोलला जाणारा. अपघातात गृहिणी गेली तर तिची किंमत किती? हा प्रश्न कठोर वाटेल, पण मोटार अपघात न्यायाधिकरणात तो रोज विचारला जातो. १९९४ साली कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरा असे लिहिले होते. म्हणजे तीच पोळी, तेच धुणे, तेच बाळंतपण. पण नवरा शिपाई असेल तर स्वस्त आणि साहेब असेल तर महाग! बाईचे काम तिचे नव्हेच, नवऱ्याच्या पगाराची सावली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने या हिशेबावर टीका केली. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवले आहे, याबद्दलही फटकारले. जानेवारी २०२१ मध्ये किर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात न्यायालयाने २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तेच न्यायालय म्हणाले की गृहिणीचे उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनाहून कमी धरता येणार नाही. घरकामाला मोल आहे हे आपण किती वर्षे परिषदांमधून ओरडून सांगतो. ते ऐकले कुठे गेले? अपघाताच्या कोर्टात. बाई मेल्यावर. ती जिवंत असतानाही हेच मोल धरा, ही आपली मागणी इथून पुढे नेता येईल.

आणि नवरा गेला तर? सासरचे सांगतात, "दाव्याचे आम्ही बघतो, तू सही कर." पैसे दिराच्या खात्यात जातात. तिने दुसरे लग्न केले तर विमा कंपनी म्हणते, आता हिचा हक्क संपला. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे स्पष्ट फेटाळले. मुंबई-पुणे महामार्गावर २०१० साली झालेल्या अपघाताची ती केस होती. विधवा अवघी १९ वर्षांची. भरपाई मिळवण्यासाठी बाईने जन्मभर विधवाच राहिले पाहिजे असे नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

म्हणून या गोष्टी लिहून घ्या, शेजारणीला सांगा.

एक. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा, असा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. या मुदतीविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत, पण त्यावर विसंबून राहू नका. दिवसवार झाले की एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत मागा.

दोन. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते.

तीन. धडक देऊन गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात.

चार. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे. दवाखान्यात गेल्या गेल्या तिचे नाव घ्या.

शेवटी, हे बदलते का? बदलते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका चार टक्के वाढतो. म्हणजे वेग थोडा उतरला तरी माणसे वाचतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली. धोक्याच्या जागा शोधून कठडे, फलक, वेगावर नजर, लवकर पोचणारी रुग्णवाहिका अशी कामे केली आणि २०१९ साली तो आकडा ९२ वर आला. दैव बदलले नव्हते. कामे झाली होती. मोटारवाल्यांच्या महामार्गावर जे होते ते नारायण पेठेतल्या चालणाऱ्या बाईसाठी का होऊ नये?

तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंत एक काम करू. प्रत्येकीने आपल्या घरापासून शाळा, मंडई, बसस्टॉप आणि दवाखान्यापर्यंत चालायचे आणि कागदावर उतरवायचे: फूटपाथ कुठे तुटतो, सिग्नलला किती सेकंद मिळतात, कुठे दिवा नाही, कुठे गाड्या उलट्या दिशेने येतात. सोबत सासूबाईंना घ्या, पाळणाघरातली मुले घ्या. त्या कागदांचा एक नकाशा करू आणि वॉर्ड ऑफिसरसमोर ठेवू. आजवर आपल्याला कुणी मोजले नाही. आता मोजदाद आपणच करू.